रंग नंतर, आधी पत्रा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर आलेलं पान वाचलं आणि फोटोही बघितले, फार छान वाटलं, कारण मराठी पेपरमध्ये ह्या विषयाला एवढी जागा सहसा मिळत नाही. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली म्हणून हे पत्र लिहितोय. पानभर रंगाबद्दल आहे, क्रोमबद्दल आहे, मूळ शेड कशी शोधून काढली त्याबद्दल आहे, सीटच्या रेक्झिनबद्दलसुद्धा आहे, पण ज्या पत्र्यावर हे सगळं उभं आहे त्याबद्दल एक ओळ नाही. आणि ज्याने तो पत्रा कापला, ठोकला, जोडला, दारं ओळीत आणली त्या डेंटरचा तर कुठे उल्लेखच नाही. जुनी गाडी रिस्टोअर करणं म्हणजे ऐंशी टक्के पत्र्याचं काम असं माझं मत आहे, आणि हे लोकांना माहीत नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी चांगल्या गाड्या रंगाखाली सडतायत.

माझी ओळख एवढीच की मी भोसरीत प्रेस टूलच्या धंद्यात उभं आयुष्य काढलं, म्हणजे ज्या डायमधून पत्रा दाबून दार किंवा मडगार्ड बाहेर पडतं ती डाय बनवायची आणि झिजली की दुरुस्त करायची. रिटायर झाल्यावर मित्राच्या गॅरेजवर जाऊन बसायला लागलो आणि आता जुन्या गाड्यांच्या बॉडीच्या कामात हात घालतो. त्यामुळे कारखान्यात पत्रा कसा जन्माला येतो आणि गॅरेजमध्ये तो कसा मरतो हे दोन्ही बघितलंय.

आपल्याकडे रिस्टोअर करायला सगळ्यात जास्त येते ती फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ११००डी म्हणजे डिलाइट निघाली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. त्याच्या आधीची ती १९५० च्या दशकातली गोल नाकाची, जिला आपण सगळे डुक्कर फियाट म्हणतो. ह्या सगळ्या गाड्या मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेल्या, आहेत हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. जीपला खाली वेगळी चासी असते आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे जीपचा पत्रा कुजला तरी गाडीचा सांगाडा शाबूत राहतो. फियाटला आणि ॲम्बॅसेडरला तशी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचे रनिंग बोर्ड, पिलर, छप्पर हे सगळे पातळ पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डिंगने एकमेकांना जोडलेत आणि त्यातूनच गाडीला ताकद आलीय. म्हणजे रनिंग बोर्ड कुजला तर नुसती दिसायला वाईट दिसते असं नाही, गाडी मधून खचायला लागते आणि ते पहिल्यांदा कळतं दारावरून. दार वरच्या कोपऱ्यात घासतं आणि खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडते. मग लोक बिजागरी ठोकतात, लॉक सरकवतात, नवीन रबर घालतात, आणि मूळ दुखणं खाली तसंच राहतं.

डुक्कर फियाटमध्ये तर आणखी गंमतीची रचना आहे. तिचं पुढचं दार उलटं उघडतं, त्यामुळे पुढचं आणि मागचं अशा दोन्ही दारांच्या बिजागऱ्या एकाच मधल्या पिलरवर येतात. त्या पिलरचा पाय रनिंग बोर्डमध्ये रोवलेला असतो. तिथे गंज लागला की एका बाजूची दोन्ही दारं एकदम उतरतात आणि बिजागरीखाली कितीही शिम म्हणजे पातळ पट्ट्या घातल्या तरी जागेवर येत नाहीत. अशी गाडी घ्यायला निघालेल्याने इंजिन चालू करून बघायच्या आधी त्या पिलरच्या पायाशी गुडघे टेकून बसावं.

गंज लागतो कुठे तर जिथे पाणी आत जातं पण बाहेर निघत नाही तिथे. मुंबईची आणि कोकणातली खारी दमट हवा तर आहेच, पण पुण्यातल्या गाड्याही काही कमी कुजलेल्या नसतात. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि फ्लोअरवरच्या मॅटखाली जे तागाचं नमदं असतं त्यात मुरतं, ते नमदं दिवाळीपर्यंत ओलं राहतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजतात, किंवा मागच्या पेंटरने रंगाने बुजवलेली असतात, आणि मग दाराच्या आत तळ्यासारखं पाणी साचून पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं सगळं संपलेलं असतं.

माझ्या मेव्हण्यांची १९६८ची डिलाइट आहे. वडिलांनी घेतलेली, घरात तिला गाडी कुणी म्हणत नाही, ‘आपली फियाट’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी ती एका गॅरेजकडून ‘फुल बॉडी’ करून घेतली होती, गाडी आली तेव्हा आरशासारखी चमकत होती आणि सगळ्या नातेवाइकांनी फोटो काढले. तीन पावसाळ्यांत रनिंग बोर्डच्या वर रंगाला पापुद्रे आले. आम्ही फडक्यात गुंडाळलेलं मॅग्नेट फिरवलं तर ते जवळपास अर्ध्या लांबीवर चिकटेना. ग्राइंडर लावला तर आधी रंग, मग गुलाबी पुट्टीचा बोटभर जाड थर, मग त्याच्या आत कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती जाळी, आणि जाळीच्या मागे नुसता तपकिरी भुगा. मेव्हणे तिथेच खाली बसले. पैसे गेले त्यापेक्षा त्यांना जास्त लागलं ते हे की एवढी वर्षं त्यात नातवंडांना बसवून महाबळेश्वरला नेलं. मोनोकॉक गाडीत रनिंग बोर्डच्या जागी पुट्टी म्हणजे बाजूने ठोकर बसली तर मध्ये काहीच नाही, हे त्या गॅरेजवाल्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पुट्टी वाईट नाही, हे पण स्पष्ट सांगतो. चांगल्या कामातही शेवटची बारीक लाट काढायला ती लागतेच, पण ती दोन-तीन मिलिमीटरच्या आत, आणि खाली स्वच्छ, घट्ट पत्रा असेल तरच. ती ओल धरते, त्यामुळे भोकावर पुट्टी म्हणजे गंजाला घर बांधून दिल्यासारखंच.

आता नीट काम कसं होतं ते जरा सविस्तर लिहितो कारण मालकाला हे माहीत असेल तरच तो गॅरेजवाल्याला प्रश्न विचारू शकतो.

कुजलेला रनिंग बोर्ड सरळ कापायला घेणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सर्रास होते. तो कापला की गाडीचा तिथला जीवच निघून जातो आणि बॉडी आपल्याच वजनाने वाकते, डोळ्याला दिसत नाही पण दाराच्या चौकटीत पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. त्या वाकलेल्या अवस्थेत नवीन रनिंग बोर्ड वेल्ड केला की झालं, तो वाकडेपणा कायमचा पक्का झाला, मग दार कुठल्याही देवाला नवस करून बसत नाही. म्हणून आधी गाडी तिच्या सस्पेन्शनच्या जागांवर सपाट जमिनीवर टेकवायची, मधोमध जॅक लावून नाही. मग दारं काढून प्रत्येक चौकटीत चौकोनी पाइप आडवे आणि तिरके लावून वेल्डिंगचे टाके मारून घ्यायचे. ते लावायच्या आधी मापं घ्यायची, पिलरपासून पिलरपर्यंत आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी, डावी बाजू आणि उजवी बाजू ताडून. आम्ही गवंडी वापरतात तो ओळंबा गाडीखालच्या ठरावीक भोकांतून सोडतो आणि खाली फरशीवर खुणा करतो, मग गाडी बाजूला घेऊन त्या खुणांची तिरकी मापं जुळतात का बघतो. लेव्हलला पाण्याची पारदर्शक नळी. ह्याला महागडी मशीन लागत नाही, लागतो तो फक्त वेळ, आणि मालकाला ह्या दोन दिवसांत गाडीवर काहीच झालेलं दिसत नाही त्यामुळे त्याला वाटतं की गॅरेजवाला टाइमपास करतोय.

कापायचं ते एका वेळी एकच बाजू. आतला पत्रा, मधला पत्रा आणि बाहेरचा पत्रा अशी पोकळ पेटी असते, तिचा नुसता बाहेरचा नवीन घालून आतला कुजका तसाच ठेवला तर तो फक्त मेकअप. जुने स्पॉट फोडताना फक्त वरच्या पत्र्यापुरतंच ड्रिल मारायचं, खालच्याला भोक पाडायचं नाही, ह्याचं वेगळं कटर मिळतं. कुणी छिन्नी घेऊन फाडायला लागला तर त्याच्या हातातून काम काढून घ्यावं.

नवीन पत्रा कुठला, तर सीआर शीट म्हणजे थंड लाटलेला लोखंडी पत्रा, जाडी मूळच्या पत्र्याइतकीच. जुना जिथे गंजलेला नाही अशा ठिकाणी मायक्रोमीटर लावून बघायचं, साधारण २० गेजच्या आसपास येतं म्हणजे ०.९ मिलिमीटर. लोक ‘मजबूत करतो’ म्हणून जाड घालतात, मग तो आकार घेत नाही, आणि शेजारच्या पातळ पत्र्याला वेल्ड करताना पातळ आधी जळतो. जीआयचा म्हणजे जस्ताचा पत्रा गंजत नाही म्हणून कुणी सुचवलं तर त्याचं वेल्डिंग करताना निघणारा धूर अंगाला घातक असतो आणि वेल्डही घाण होतो, जस्त आधी काढावं लागतं.

आणि मग हाताने आकार देणं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत ज्यांनी तांब्याचा बंब किंवा घागर ठोकताना बघितलीय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. धातूला ठोकलं की तो पातळ होऊन पसरतो आणि त्याबरोबर कडकही होतो, तांब्याचं जे होतं तेच लोखंडी पत्र्याचंही. डेंटर एका हातात डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा आतून धरतो आणि बाहेरून हातोडी मारतो, डॉलीच्या नेमकं वर मारली तर पत्रा ताणतो, डॉलीच्या शेजारी मारली तर उंचवटा बसतो. ही पाव इंचाची जागा बदलली की परिणाम उलटा होतो. आमच्याकडे जे उस्ताद आहेत ते डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवतात, बोटांची टोकं नव्हे तर पूर्ण पंजा, आणि सांगतात इथे हाय म्हणजे उंचवटा आहे, इथे लो म्हणजे खोलगट. मी डायच्या कामात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मापं घेत आलो पण त्यांच्या पंजापुढे मी हात जोडतो. जास्त ठोकला गेला तर पत्रा फुगतो आणि दाबला की टक्-टक् वाजतो, मग तिथे गॅसची ज्योत लावून रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, भोवती ठोकायचं आणि ओलं फडकं मारायचं, तो आकसतो. एक ठिपका जास्त पडला तर उलटा ओढला जातो.

वेल्डिंगची पण तीच गोष्ट. पत्र्यावर पत्रा चढवून लांब सरळ टाका मारत गेलात तर दोन गोष्टी होतात, उष्णतेने सगळं पॅनेल लाटा घेतं, आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी धरून बसतं. म्हणून कडेला कड भिडवून, इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये गार व्हायला वेळ देऊन, आणि गार झाल्यावर प्रत्येक टाका डॉलीवर ठोकून सोडवायचा. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडत विजेच्या तारेने केलेला वेल्ड जरा कडक होतो, गॅसच्या ज्योतीचा मऊ होतो पण उष्णता फार पसरते, ज्याच्या हाताला जे बसलंय त्याने ते वापरावं, माझा कल मोठ्या सपाट पॅनेलला सीओटूच्या छोट्या टाक्यांकडे आहे. आणि पेटी बंद करायच्या आधी आतून प्रायमर, बंद झाल्यावर भोकातून वॅक्स. आत रंग न मारता बंद केलेली पेटी दहा वर्षांत पुन्हा उघडावी लागते.

आता अलाइनमेंट, ज्यासाठी मी खरं म्हणजे पेन हातात घेतलं. गॅप जुळवणं हे शेवटचं काम आहे असं सगळे समजतात, रंग होऊन गाडी आली की दारं लावतात आणि मग बोनेट एका बाजूला चार मिलिमीटर, दुसरीकडे नऊ. खरं तर प्रत्येक टाक्याआधी दार लावून बघायचं असतं. नवीन रनिंग बोर्ड पकडीने आणि स्क्रूने नुसता धरायचा, दारं टांगायची, बंद करायची, बघायची, काढायची, पत्रा दोन मिलिमीटर सरकवायचा, परत टांगायची. चार दारांची गाडी असेल तर सुरुवात नेहमी मागून. कारण मागचा क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, वेल्ड केलेला आहे, तो कुठे सरकणार नाही, म्हणून त्याला धरून मागचं दार बसवायचं, मागच्या दाराला धरून पुढचं दार, पुढच्या दाराला धरून मडगार्ड, आणि दोन्ही मडगार्ड आणि काचेखालचा पत्रा ह्यांना धरून बोनेट, सगळ्यात शेवटी नाक आणि ग्रिल. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक ढकलत ढकलत मागे जाते आणि तिथे ती काढायला जागाच नसते.

टांगायच्या आधी बिजागरीची पिन बघायची. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलायचं, खट्ट असा आवाज आला किंवा हललं तर पिन आणि बुश झिजलेत. ते नवीन केल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट सहा महिने टिकतं. मग स्ट्रायकर, म्हणजे पिलरवरचा लॉक अडकतो तो तुकडा, काढून ठेवायचा, कारण तो असला की दार बंद होताना त्याच्या बाजूने ओढलं जातं आणि तुम्हाला खरी जागा कळतच नाही. आधी बिजागऱ्यांवर दार स्वतःच्या मनाने कुठे थांबतं ते बघायचं, उंची, आत-बाहेर, पुढे-मागे, तिन्ही, आणि मग स्ट्रायकर लावायचा. दारात काच, ती वर-खाली करायचं मशीन, लॉक सगळं घालून बघायचं कारण काचेचं वजन आलं की दार उतरतं. आणि नवीन रबर बीडिंगसुद्धा लावून बघायचं! बाजारात मिळणारं बीडिंग बऱ्याचदा मूळच्यापेक्षा जाड किंवा कडक असतं, त्यामुळे रबराशिवाय सुंदर बसलेलं दार रबर लावल्यावर क्वार्टरच्या बाहेर येतं, आणि हे रंग झाल्यावर कळलं तर काहीच करता येत नाही.

आम्ही चार मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी वापरतो, ती सगळ्या फटीतून सरकवत न्यायची, आणि जिथे अडते किंवा सैल होते तिथे मास्किंग टेपवर आकडा लिहायचा. मेव्हण्यांच्या गाडीच्या डाव्या बाजूला पहिल्या दिवशी त्या टेपवर वरपासून खालपर्यंत तीनपासून अकरापर्यंत सगळे आकडे होते. सगळं काम झाल्यावर चार आणि पाच. पाच ठेवायला हरकत नाही, उलट मी सांगतो चारच्या खाली जाऊच नका, कारण प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतो आणि गॅप तेवढा कमी होतो, दार घासून कडेचा रंग उडाला की गंज परत तिथूनच सुरू. कुठे कड कमी पडली तर तिथे वेल्डची बारीक रेघ चढवून फाइलने उतरवायची, पुट्टीने कड वाढवायची नाही, पहिल्यांदा दार आपटलं की ती गळून पडते.

ह्यावर काही लोक म्हणतात की कारखान्यातून आली तेव्हा तरी फियाटचा गॅप कुठे एकसारखा होता. बरोबर आहे. त्या काळी जगभर लाइनवर दार लाकडी ठोकळा घालून, दाबून, ठोकूनच बसवायचे, आजच्या रोबोटच्या गाडीसारखा गॅप त्या गाडीला नव्हता आणि मी पण तो मागत नाही. मी मागतो ते एवढंच की दार एका बोटाने ढकललं तर बंद व्हावं आणि दाराच्या अंगावरची उठावाची रेघ पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत न तुटता जावी. ती रेघ तुटली की कितीही महागडा रंग मारा, लांबूनच डोळ्याला खटकतं.

दाराचा खालचा भाग कुजला असेल तर आख्खं दार बदलायची गरज नसते, नुसती बाहेरची स्किन बदलता येते. कडेची घडी ग्राइंडरने घासली की जुनी स्किन सुटून येते. नवीन स्किनची कड आतल्या फ्रेमवर आधी अर्धीच वळवायची, दार गाडीवर टांगायचं, शेजारच्या दाराशी गोलाई जुळते का बघायची, लागलं तर फ्रेमला पीळ द्यायचा, आणि सगळं जुळल्यावरच घडी पूर्ण दाबायची. टेबलावर पूर्ण घडी मारून मग गाडीवर नेलेलं दार जवळपास नेहमीच पिळलेलं निघतं, आणि एकदा घडी बसली की ते सरळ होत नाही.

आता पॅनेल आणायचे कुठून हा प्रश्न. इंग्लंडमध्ये एमजीबी ह्या जुन्या स्पोर्ट्स गाडीची आख्खी नवीन बॉडी मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेज ह्या कंपनीने १९८८ पासून ती जुन्या मूळ टूलिंगवर म्हणजे डायवर बनवायला घेतली. आपल्या फियाटच्या नशिबात तसं काही आलं नाही. डाय बनवणारा माणूस म्हणून हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं, कारण डाय एकदा भंगारात गेली की तो आकार जगातून गेला, मग उरतो फक्त कारागिराचा हात. आपल्याकडे इतकी वर्षं जो साठा होता तो मुंबईच्या टॅक्सींचा. २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, तिची वीस वर्षं २०२३च्या ऑक्टोबरमध्ये भरली आणि ती पण रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सी मोडीत निघत होत्या तेव्हा बोनेट, दारं, डिकी वजनावर मिळायची, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरलं की काहीतरी हाताला लागायचंच. टॅक्सीचा पत्रा फार ठोकाठोक झालेला असायचा हे खरं, पण निदान मूळ आकार डोळ्यासमोर ठेवायला तुकडा तरी मिळायचा. ज्यांच्याकडे अजून असं दार किंवा मडगार्ड माळ्यावर पडलंय त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नये, कुजलेलं असलं तरी, कारण त्यावरून पुठ्ठ्याचे साचे काढता येतात.

एक सरकारी बाजू पण आहे जिच्याबद्दल आपल्या पेपरने लिहावं असं मला मनापासून वाटतं. केंद्राने २०२१च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची गाडी, व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, दहा वर्षांची नोंदणी वगैरे. चांगलं झालं. पण व्याख्येत असं म्हटलंय की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल करून मोठी उलथापालथ केलेली नको. आता पन्नास वर्षांची मोनोकॉक गाडी, चार पावसाळी जिल्ह्यांत फिरलेली, तिचे रनिंग बोर्ड आणि फ्लोअर बदलल्याशिवाय ती जगणारच नाही. कुजलेला भाग काढून त्याच आकाराचा, त्याच जाडीचा, त्याच जागी घालणं म्हणजे बदल करणं का दुरुस्ती? माझ्या मते ती दुरुस्तीच, आणि नियमात तसं स्वच्छ शब्दांत लिहायला हवं. नाहीतर अधिकारी एक अर्थ लावेल, मालक दुसरा, आणि भीतीपोटी लोक पत्रा बदलणंच टाळून वरून पुट्टी मारत राहतील, म्हणजे कागदावर गाडी मूळ रूपात आणि आत भुगा. तोपर्यंत मालकांनी एक करावं, कापायच्या आधीचा, कापल्यानंतरचा, नवीन पत्रा धरल्याचा आणि वेल्ड झाल्याचा असे प्रत्येक टप्प्याचे फोटो मापाची पट्टी शेजारी ठेवून काढावेत, आणि कापलेला तुकडा जपून ठेवावा.

शेवटी ज्यांच्या हातात हे सगळं आहे त्यांच्याबद्दल. आमच्या गॅरेजवरचे उस्ताद सत्तरीला आलेत, त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे आणि ते म्हणतात बरंच झालं. कारण डेंटरला पैसे मिळतात ते पॅनेलच्या हिशोबाने, इन्शुरन्सच्या गाड्यांचा जो रेट तोच जुन्या गाडीला, आणि तिथे पॅनेल खोलून नवीन लावायचं एवढंच काम असतं. जुन्या गाडीला तो रेट लावला की माणूस पुट्टीकडे वळणारच, त्यालाही घर आहे. मालक लोक पेंटला विचार न करता मोठी रक्कम देतात आणि पत्र्याच्या कामाला ‘एवढे दिवस कसे लागले’ म्हणून घासाघीस करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दिवसाच्या मजुरीवर काम द्या, दर आठवड्याला जाऊन बघा, आणि गाडी प्रायमरला जायच्या आधी उघड्या पत्र्यावर सगळी दारं, बोनेट, डिकी लावलेल्या अवस्थेत एकदा दिवसाउजेडी बघायची अट आधीच घाला. जो गॅरेजवाला ह्याला आनंदाने हो म्हणेल त्याच्याकडे गाडी द्यावी. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा ट्रेड आहे, तिथल्या पोरांना वर्षातले काही आठवडे तरी अशा उस्तादांच्या हाताखाली बसवता आलं, त्याचे थोडे पैसे उस्तादांनाही मिळाले, तर डॉली-हातोडीचं काम आणखी एक पिढी टिकेल. संबंधित खात्याने ह्याचा विचार करावा अशी आपल्या पेपरमार्फत विनंती.

आणि आपल्या पुरवणीच्या प्रतिनिधींना एक आग्रहाचं बोलावणं. सध्या आमच्याकडे एक डुक्कर फियाट मधल्या पिलरपासून उघडी आहे, चौकटीत पाइप लावलेत, डाव्या बाजूचा रनिंग बोर्ड पकडीने धरलाय आणि अजून टाके मारलेले नाहीत. ह्या महिन्यात कधीही या, फोटोग्राफरला घेऊन या. सकाळी अकराच्या आत आलात तर उस्ताद कामावर असतात, जेवणानंतर ते घरी जातात.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
भोसरी, पुणे